निदानाच्या निकषांतील बदल: लैंगिक कल आणि लिंगओळख मनोविकारांच्या यादीबाहेर कशी आली

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. लिंगओळखीशी संबंधित अवस्था या आवृत्तीत मनोविकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आल्या असून ‘लैंगिक आरोग्याशी संबंधित अवस्था’ या नव्या प्रकरणात त्यांचा समावेश करण्यात आला आहे. वरवर पाहता हा संकेतांकांचा आणि शीर्षकांचा फेरफार वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे अर्धशतकाहून अधिक काळ चाललेला वैद्यकीय आणि सामाजिक वाद आहे.

या वादाच्या मुळाशी एक पेच आहे. एखाद्या अवस्थेची नोंद मनोविकार म्हणून झाली, की त्या व्यक्तीच्या माथी कलंक येतो. नोकरी, अपत्याचा ताबा, सैन्यातील प्रवेश अशा बाबतींत तीच नोंद तिच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. उलटपक्षी, निदानाचा संकेतांक नसेल तर रुग्णालय, विमा कंपनी आणि शासकीय आरोग्य योजना यांच्या लेखी त्या व्यक्तीची गरज अस्तित्वातच नसते. नाव दिल्याशिवाय उपचार मिळत नाहीत आणि नाव दिले की लोक नावे ठेवतात, अशी ही कोंडी आहे. निदानाच्या निकषांचे आजवरचे पुनर्लेखन हा या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न होता.

दोन वर्गीकरणे

मनोविकारांच्या निदानासाठी जगभर प्रामुख्याने दोन वर्गीकरणांचा आधार घेतला जातो. त्यांपैकी ‘आयसीडी’ या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण सर्व आजारांसाठी असते. मृत्यूच्या कारणांची जी आंतरराष्ट्रीय यादी १८९३ मध्ये तयार झाली, तिच्यातून ते विकसित झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये स्वीकारलेल्या सहाव्या आवृत्तीत मनोविकारांचा स्वतंत्र विभाग प्रथमच समाविष्ट झाला. दुसरे वर्गीकरण म्हणजे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची ‘डीएसएम’ ही निदान-पुस्तिका. तिची पहिली आवृत्ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. ही पुस्तिका एका देशातील व्यावसायिक संघटनेची असली, तरी संशोधन आणि वैद्यकीय शिक्षण यांवर तिचा प्रभाव जगभर आहे.

‘विकृती’ची कल्पना

लैंगिक वर्तनातील वेगळेपणाकडे पाप किंवा गुन्हा म्हणून पाहण्याऐवजी आजार म्हणून पाहण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात युरोपात रुजली. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांच्या ‘सायकोपॅथिया सेक्शुअ‍ॅलिस’ या १८८६ मधील ग्रंथाचा त्यात मोठा वाटा होता. गुन्हेगारापेक्षा रुग्णाला सहानुभूती मिळेल, असे त्या काळातील अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात पुढे रुग्ण हा शिक्काही तितकाच जड ठरला.

डीएसएमच्या पहिल्या आवृत्तीत समलैंगिकतेची गणना समाजविघातक व्यक्तिमत्त्वदोषांत करण्यात आली होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘लैंगिक विचलन’ या गटात ठेवण्यात आले. त्या दशकांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये विजेचे झटके किंवा मळमळ निर्माण करणारी औषधे देऊन समलैंगिक व्यक्तींना ‘बरे’ करण्याचे प्रयोगही झाले.

या समजुतीला पहिला धक्का संशोधनातून बसला. अल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ आणि १९५३ मधील अहवालांनी समलैंगिक अनुभव समजले जाते त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात आढळतात, हे दाखवून दिले. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या. कोणती चाचणी कोणाची हे न सांगता त्यांचे निष्कर्ष अनुभवी तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आले. दोन्ही गटांतील पुरुष तज्ज्ञांना वेगळे ओळखता आले नाहीत. हे संशोधन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंतचे बहुतेक निष्कर्ष रुग्णालयात किंवा तुरुंगात आलेल्या व्यक्तींवरून काढलेले होते. हूकर यांनी उपचारासाठी न आलेल्या, सामान्य जीवन जगणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला होता, हे त्यांच्या कामाचे वेगळेपण होते.

१९७३ चा निर्णय

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या १९७० मधील सॅन फ्रान्सिस्को येथील वार्षिक अधिवेशनात समलैंगिक हक्कांच्या कार्यकर्त्यांनी निदर्शने केली. समलैंगिक असल्याच्या कारणावरून १९५७ मध्ये सरकारी नोकरी गमावलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी आणि कार्यकर्त्या बार्बरा गिटिंग्ज हे या चळवळीत अग्रभागी होते. १९७२ मध्ये डॅलस येथील अधिवेशनात ‘डॉ. एच. ॲनॉनिमस’ या नावाने एक मनोविकारतज्ज्ञ मुखवटा घालून आणि आवाज बदलून व्यासपीठावर आले. आपण स्वतः समलैंगिक असून या संघटनेचे सदस्य आहोत, असे त्यांनी सांगितले. ते डॉ. जॉन फ्रायर होते. ओळख उघड झाल्यास व्यवसाय धोक्यात येईल, अशी रास्त भीती त्यांना होती.

आजार ठरवण्यासाठी ती अवस्था व्यक्तीला नियमितपणे मानसिक त्रास देणारी किंवा तिच्या सामाजिक कार्यक्षमतेत अडथळा आणणारी असली पाहिजे, असा निकष डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांनी मांडला. समलैंगिकता स्वतःहून या कसोटीला उतरत नाही, असे त्यातून स्पष्ट झाले. त्यानुसार १५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. निर्णयाच्या विरोधकांनी सदस्यांचे मतदान घेण्यास भाग पाडले. १९७४ मध्ये झालेल्या या मतदानात ५,८५४ सदस्यांनी निर्णयाच्या बाजूने आणि ३,८१० सदस्यांनी विरोधात कौल दिला.

आजार मतदानाने ठरतो काय, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तथापि, मतदानाची मागणी निर्णयाच्या विरोधकांकडून आली होती, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. शिवाय या निर्णयाचा टिकाऊ परिणाम मतांच्या संख्येत नसून स्पिट्झर यांच्या निकषात होता. त्रास आणि कार्यक्षमतेतील अडथळा ही कसोटी पुढे इतर अनेक मनोविकारांच्या व्याख्येचा आधार बनली.

निदानाचे उरलेले अवशेष

समलैंगिकता यादीतून गेली तरी निदान पूर्णपणे नाहीसे झाले नव्हते. प्रारंभी ‘लैंगिक कलाविषयीचा क्षोभ’ या नावाने आणि १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘इगो-डिस्टॉनिक’, म्हणजे स्वतःलाच नकोशी वाटणारी समलैंगिकता या नावाने ते शिल्लक राहिले. ज्या समाजात समलैंगिक व्यक्तीची पदोपदी अवहेलना होते, तेथे तिला आपला कल नकोसा वाटणे हे आजाराचे नव्हे, तर अवहेलनेचे लक्षण आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. १९८७ च्या सुधारित आवृत्तीतून हे निदानही काढण्यात आले. लैंगिक कलाविषयीच्या तीव्र त्रासाचा एक संकीर्ण उल्लेख मात्र २०१३ पर्यंत कायम होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने १७ मे १९९० रोजी आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीस मान्यता दिली. तिच्यात समलैंगिकता हे स्वतंत्र निदान राहिले नाही आणि लैंगिक कल हा स्वतःहून विकार मानू नये, असे स्पष्ट करण्यात आले. असे असूनही ‘एफ ६६’ या संकेतांकाखाली लैंगिक विकास आणि लैंगिक कल यांच्याशी निगडित विकारांचा एक गट ठेवण्यात आला होता. तो अकराव्या आवृत्तीत संपूर्णपणे वगळण्यात आला. जे निदान अमेरिकी पुस्तिकेतून १९८७ मध्ये गेले, त्याचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील अवशेष जाण्यास आणखी तीन दशके लागली.

लिंगओळखीचे निदान

लिंगओळखीच्या बाबतीत प्रवास वेगळा होता. व्यक्तीचा लैंगिक कल कोणाकडे आहे आणि ती स्वतःला स्त्री, पुरुष की अन्य काही मानते, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. समलैंगिक व्यक्तीला वैद्यकीय उपचारांची गरज नसते. जन्मतः नोंदवलेले लिंग आणि स्वतःची ओळख यांत विसंगती अनुभवणाऱ्या अनेक व्यक्तींना मात्र संप्रेरके, शस्त्रक्रिया किंवा समुपदेशन यांची आवश्यकता भासते. त्यामुळे १९७३ चा मार्ग, म्हणजे निदान सरळ पुसून टाकणे, येथे जसाच्या तसा लागू होण्यासारखा नव्हता.

डीएसएममध्ये ‘ट्रान्ससेक्शुअ‍ॅलिझम’ आणि बालपणातील लिंगओळखीचा विकार ही निदाने १९८० मध्ये प्रथम आली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘लिंगओळखीचा विकार’ या एका शीर्षकाखाली त्यांची मांडणी करण्यात आली. या संज्ञेत व्यक्तीची ओळख हाच विकार ठरत होता. पाचव्या आवृत्तीच्या तयारीसाठी २००८ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ केनेथ झुकर यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगटाची नियुक्ती जाहीर झाली, तेव्हा कार्यगटाच्या रचनेवरच पारलिंगी समुदायातून आक्षेप घेण्यात आले. फेब्रुवारी २०१० मध्ये निकषांचा मसुदा जनतेच्या अभिप्रायासाठी खुला करण्यात आला.

मसुद्यात आधी ‘लिंगभाव विसंगती’ ही संज्ञा होती. नंतर तिच्या जागी ‘जेंडर डिस्फोरिया’, म्हणजे लिंगभावविषयक अस्वस्थता ही संज्ञा स्वीकारण्यात आली. मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीनुसार प्रौढांमध्ये ही विसंगती किमान सहा महिने टिकलेली असावी, सहापैकी किमान दोन लक्षणे असावीत आणि त्यासोबत लक्षणीय त्रास किंवा कार्यक्षमतेतील अडथळा असावा लागतो. ओळख हा विकार नसून तिच्या विसंगतीतून येणारी अस्वस्थता ही उपचाराची बाब आहे, असा या बदलाचा अर्थ होता.

याच आवृत्तीत आणखी एक तरतूद करण्यात आली. उपचारानंतर आपल्या ओळखीनुसार जगू लागलेल्या व्यक्तीची अस्वस्थता कमी झाली, तरी तिला संप्रेरके दीर्घकाळ घ्यावी लागतात. निदान संपले म्हणून औषधे बंद पडू नयेत, यासाठी संक्रमणानंतरची स्थिती नोंदवण्याची सोय ठेवण्यात आली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत भाषाही बदलली. ‘इच्छित लिंगभाव’ याऐवजी ‘अनुभवलेला लिंगभाव’ आणि ‘जन्मजात पुरुष’ याऐवजी ‘जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली व्यक्ती’ असे शब्दप्रयोग स्वीकारण्यात आले.

आयसीडीची निराळी वाट

डीएसएम हे केवळ मनोविकारांचे पुस्तक असल्याने निदान ठेवायचे तर ते मनोविकारांतच ठेवणे भाग होते. आयसीडीत सर्वच आजारांची आणि आरोग्यविषयक अवस्थांची नोंद असल्याने तेथे तिसरा पर्याय उपलब्ध होता. तो असा, की संकेतांक कायम ठेवायचा, परंतु प्रकरण बदलायचे. गर्भारपणाला संकेतांक असतो, पण गर्भारपण हा आजार मानला जात नाही. त्याच धर्तीवर ‘लिंगभाव विसंगती’ लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली. ही आवृत्ती १८ जून २०१८ रोजी प्रसिद्ध झाली आणि २५ मे २०१९ रोजी ७२ व्या जागतिक आरोग्य सभेने तिला मान्यता दिली.

या व्याख्येत मानसिक त्रास ही अनिवार्य अट नाही. त्यामागील कारणांवर मेक्सिको सिटी येथील एका अभ्यासाने प्रकाश टाकला. एका विशेष उपचारकेंद्रातील २५० पारलिंगी प्रौढांच्या मुलाखतींवर आधारित हा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसिक त्रास आणि जीवनातील अडचणी यांचा संबंध लिंगभाव विसंगतीपेक्षा सामाजिक बहिष्कार आणि हिंसा यांच्याशी अधिक दृढ असल्याचे त्यात आढळून आले. त्रास हा अवस्थेचा अंगभूत भाग नसून बऱ्याच अंशी भोवतालच्या वागणुकीचा परिणाम आहे, या म्हणण्याला त्यामुळे आधार मिळाला.

जागतिक निर्णयापूर्वीच काही देशांनी स्वतःपुरती पावले उचलली होती. फ्रान्सने २०१० मध्ये दीर्घकालीन मनोविकारांच्या यादीतून ट्रान्ससेक्शुअ‍ॅलिझम वगळले, तर डेन्मार्कने १ जानेवारी २०१७ पासून पारलिंगी ओळखीची गणना मनोविकारांत करणे थांबवले.

बालकांविषयीचा मतभेद

बालकांसाठी स्वतंत्र निदान असावे काय, हा या पुनर्लेखनातील सर्वाधिक वादाचा मुद्दा ठरला. यौवनारंभापूर्वी संप्रेरके किंवा शस्त्रक्रिया यांचा प्रश्न उद्भवत नाही. मग संकेतांकाचे प्रयोजन काय, असा विरोधकांचा प्रश्न होता. समुपदेशन, पालकांना मार्गदर्शन, शाळेतील साहाय्य आणि संशोधन यांसाठी नोंद आवश्यक असल्याचे समर्थकांचे म्हणणे होते. अखेरीस हे निदान कायम ठेवण्यात आले. मात्र विसंगती सुमारे दोन वर्षे टिकलेली असावी, अशी अट घालण्यात आली. मुलीने मुलांचे खेळ खेळणे किंवा मुलाला बाहुल्या आवडणे एवढ्यावरून निदान करता येणार नाही, हेही या निकषांत अभिप्रेत आहे.

येथे वर्गीकरण आणि उपचारपद्धती यांतील फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. किशोरवयीनांना कोणते उपचार केव्हा द्यावेत, हे संकेतांक ठरवत नाही. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या पुनरावलोकनाच्या एप्रिल २०२४ मधील अंतिम अहवालाने यौवनारंभ रोखणाऱ्या औषधांविषयीचा पुरावा कमकुवत असल्याचे नमूद केले. या अहवालावर वैद्यकीय वर्तुळात मतभेद आहेत. निदानाचे स्थान बदलल्याने हा वाद मिटलेला नाही.

संमती आणि हानी ही कसोटी

लैंगिक आकर्षणाच्या इतर वेगळ्या प्रकारांबाबतही निकष बदलले. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीने ‘पॅराफिलिया’, म्हणजे असामान्य लैंगिक आकर्षण, आणि त्यातून उद्भवणारा विकार यांत फरक केला. आकर्षण वेगळे असणे पुरेसे नाही. त्यातून स्वतःला त्रास किंवा इतरांना हानी होत असेल तरच तो विकार मानला जातो. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीने भिन्नलिंगी पोशाख किंवा परस्परसंमतीचे खासगी वर्तन यांसारखी निदाने वगळली. बालकांविषयीचे लैंगिक आकर्षण, चोरून पाहणे, अंगप्रदर्शन आणि संमतीविना केलेली लैंगिक क्रूरता यांची निदाने मात्र कायम आहेत. समाजाला काय रुचते याऐवजी संमती आणि हानी हा निकष मध्यवर्ती ठरल्याचे यातून दिसते.

भारतातील संदर्भ

भारतात या बदलांचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. संसदेने २०१७ मध्ये संमत केलेला आणि २९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजार ठरवण्यासाठी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांचा निर्देश करतो आणि त्यांत आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीचा नामोल्लेख करतो. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळत नाही, एवढ्या कारणावरून तिला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असेही या कायद्यात नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर प्रकरणात प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला, तेव्हा या कायद्याचाही आधार घेण्यात आला होता.

तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजीच्या आदेशात लैंगिक कल किंवा लिंगओळख उपचारांनी बदलण्याच्या प्रयत्नांना मनाई केली. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘रूपांतरण उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळवले. १९७३ च्या निर्णयाचे शिल्पकार डॉ. स्पिट्झर यांनीही लैंगिक कल बदलता येतो असे सुचवणाऱ्या २००३ मधील आपल्या संशोधनाबद्दल २०१२ मध्ये जाहीर क्षमा मागितली होती.

पुस्तकातील शब्द बदलला म्हणून दवाखान्यातील व्यवहार लगेच बदलतो असे नाही. नव्या आवृत्तीचा प्रत्यक्ष वापर देशागणिक वेगवेगळ्या गतीने होत आहे. जुनी पाठ्यपुस्तके, प्रमाणपत्रांचे जुने नमुने आणि कुटुंबीयांच्या मनातील जुन्या समजुती त्याहून अधिक काळ टिकतात. संकेतांक कायम ठेवून कलंक दूर करण्याचा हा प्रयत्न यशस्वी ठरेल की नाही, याची परीक्षा जिनिव्हातील सभागृहात होणारी नाही. दवाखान्यात आलेल्या व्यक्तीला कोणत्या शब्दांत संबोधले जाते आणि तिला आवश्यक ती सेवा मिळते काय, यावरच ते ठरणार आहे.